दंडाची पावती आणि वास्तव्याचा पुरावा : चंद्रपूर-गडचिरोलीतील किरकोळ वनगुन्ह्यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

परदेशात कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या व्यक्तीला एक प्रश्न हमखास विचारला जातो : यापूर्वी आपणास कोणत्याही गुन्ह्यासाठी शिक्षा अथवा दंड झाला आहे काय? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, दोनशे रुपयांच्या दंडावर मिटलेला एखादा खटला या एका रकान्यामुळे पुन्हा उभा राहतो. राज्यसंस्था व्यक्तीचे जुने किरकोळ अपराध विसरत नाही आणि वास्तव्याचा हक्क देताना ते तिच्या विरोधात मोजते, हे आधुनिक स्थलांतर कायद्यांचे सर्वपरिचित वैशिष्ट्य आहे.

पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत मात्र याच्या नेमका उलट इतिहास आढळतो. येथे वास्तव्याचा हक्क मागणारा माणूस परदेशात जाणारा नव्हता. तो ज्या गावात जन्मला त्याच गावाच्या रानात राहण्याचा व कसण्याचा हक्क मागत होता. आपण येथे फार पूर्वीपासून आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याच्याजवळ बहुधा एकच सरकारी कागद होता, तो म्हणजे वनविभागाने कधीकाळी केलेल्या दंडाची पावती. ज्या कागदाने त्याला अपराधी ठरविले, त्याच कागदाने पुढे त्याला रहिवासी ठरविले. हे कसे घडले, आणि ज्यांच्याजवळ असा कागदही नव्हता त्यांचे काय झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वनगुन्ह्याची घडण

चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्हा ब्रिटिश अमलाखाली आला. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी उठाव केला व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि चांदा जिल्हा त्यात समाविष्ट झाला. अहेरी-आलापल्ली परिसरातील उत्कृष्ट सागवानामुळे या जिल्ह्याकडे नव्या वनखात्याचे लक्ष प्रारंभापासूनच होते.

१८६५ चा पहिला वन कायदा त्रोटक होता. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवन अशी वर्गवारी केली आणि पुढील सर्व व्यवहार तिच्यावर उभा राहिला. राखीव वनात जे स्पष्टपणे परवानगीने चालू ठेवलेले नाही ते सर्व निषिद्ध, असा नियम झाला. वन राखीव करण्यापूर्वी हक्कांची चौकशी करण्याची तरतूद कायद्यात होती हे खरे. परंतु ठरावीक मुदतीत लेखी वा तोंडी दावा न केल्यास हक्क नष्ट होत असे. ज्या समाजात लेखनव्यवहारच नव्हता, जाहीरनाम्याची भाषा परकी होती आणि तहसील कचेरी दोन-तीन दिवसांच्या पायवाटेवर होती, त्या समाजाने मुदतीत दावा करावा ही अपेक्षा कागदावरच राहिली. हक्क कोणी प्रत्यक्ष हिरावून घेतला असे क्वचितच घडले. मुदत संपली आणि तो आपोआप विझला.

रान पेटवून राखेत बियाणे टाकण्याची पद्धत, जिला मध्य प्रांतात दह्या किंवा बेवर म्हणत, ती वनखात्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा अपराध होती. त्याखालोखाल गुरे चारणे, सरपण तोडणे, बांबू व इमारती लाकूड आणणे. ही सर्व कामे या प्रदेशातील गोंड, माडिया, कोलाम, ढिवर वा इतर कोणत्याही कुटुंबाच्या वार्षिक जीवनक्रमाचा भाग होती. म्हणजे वनगुन्हा हा अपवादात्मक वर्तनाला दिलेले नाव नव्हते. नित्याच्या उपजीविकेलाच हे नाव मिळाले, आणि त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घर आज ना उद्या नाकेदाराच्या वहीत येणे अटळ झाले.

जिल्ह्यातील सर्वच वने मात्र शासकीय राखीव वने नव्हती. पूर्व व दक्षिण भागात अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या होत्या; अन्यत्र मालगुजारीची गावे होती. तेथील जंगलात गावकऱ्यांचे निस्ताराचे व्यवहार रूढीने, थोड्याफार देण्याच्या बदल्यात चालत. ‘मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५०’ अन्वये ३१ मार्च १९५१ पासून या जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या शासनाकडे आल्या. शेतजमिनीच्या बाबतीत हे पाऊल कुळांच्या हिताचे होते. जंगलाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही : रूढीचे जंगल वनखात्याकडे गेले, निस्तार हक्क निस्तारपत्रकात नोंदले जाऊनही व्यवहारात आकुंचित झाले, आणि वनगुन्ह्याचे क्षेत्र स्वातंत्र्यानंतर कमी होण्याऐवजी वाढले. १९५६ मध्ये जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. एका पिढीत तीन राज्ये बदलली, अभिलेख एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत गेले. नाकेदाराची वही तेवढी होती तिथेच राहिली.

शिक्षा की तडजोड?

येथे कायद्यातील एका सूक्ष्म भेदाकडे लक्ष देणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात अतिप्रवेश, गुरे चारणे, वृक्षतोड, शेतीसाठी जमीन मोडणे यांसाठी मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा होती. ही शिक्षा न्यायालयाने द्यावयाची. परंतु कलम ६८ ने वनाधिकाऱ्याला असा अधिकार दिला की, ज्याच्यावर वनगुन्ह्याचा वाजवी संशय आहे अशा व्यक्तीकडून नुकसानभरपाईदाखल रक्कम स्वीकारून प्रकरण तेथेच मिटवावे. मूळ कायद्यात या रकमेची मर्यादा पन्नास रुपये होती. रक्कम भरली की पुढे कोणतीही कार्यवाही नाही.

कायद्याच्या काटेकोर दृष्टीने अशी रक्कम भरणे म्हणजे दोषसिद्धी नव्हे. न्यायाधीश नाही, साक्ष नाही, निकाल नाही. केवळ संशय आणि तडजोड. बहुसंख्य किरकोळ प्रकरणे याच मार्गाने मिटत, कारण ते दोन्ही बाजूंना सोयीचे होते. वनखात्याला चंद्रपूर वा सिरोंच्याच्या न्यायालयात साक्षीदार नेण्याचा त्रास नको होता आणि गावकऱ्याला तारखांसाठी मजुरी बुडवायची नव्हती. लोकांच्या बोलीत मात्र हा भेद उरला नाही. रेंजरने घेतलेले पैसे आणि कोर्टाने केलेली शिक्षा या दोहोंना ‘दंड’ हा एकच शब्द राहिला. त्यामुळे ज्यांना कोणत्याही न्यायालयाने कधीही दोषी ठरविले नाही, अशी असंख्य माणसे स्वतःला सजा झालेली समजत आली.

तिसरा प्रकारही होता आणि त्याची नोंद अर्थातच कोठे नाही : पावतीविना दिलेले पैसे, कोंबडी, मोहाची दारू, बेगारीचे दिवस. इतिहासाच्या साधनांत हा प्रकार दिसत नसला तरी पुढे पुराव्याच्या प्रश्नात त्याची उणीव सर्वांत जास्त जाणवली.

तुरुंगाचा दाखला आणि सन्मान

जुनी शिक्षा प्रतिकूल न ठरता उपकारक ठरण्याचे एक उदाहरण या प्रदेशाला आधीपासून परिचित होते. १९३० च्या सविनय कायदेभंगात मध्य प्रांत-वऱ्हाडला मिठागरे नव्हती. म्हणून येथे जंगल कायदा मोडण्याचा मार्ग निवडला गेला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला आणि त्याचे लोण प्रांतभर पसरले. गवताची एक पेंढी कापणे हा गुन्हा सत्याग्रह झाला. बारा वर्षांनी, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला; अनेकांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या, काहींना फाशीची शिक्षा सुनावली गेली व ती पुढे कमी करण्यात आली.

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. तिची मुख्य अट किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही होती. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींसाठी ती तीन महिन्यांची ठेवण्यात आली. पुरावा म्हणून तुरुंगाचा दाखला मागितला जाई आणि जुने अभिलेख नष्ट झाले असल्यास सहबंद्यांचे प्रमाणपत्र चाले. वसाहतकालीन दोषसिद्धी ही अशा रीतीने राष्ट्रसेवेची पात्रता बनली.

या योजनेत एक विसंगती होती. ज्याने १९३० मध्ये गवत कापले आणि सहा महिने कैद भोगली तो सैनिक ठरला. ज्याने तेच गवत कापले आणि दहा रुपये दंड भरून सुटला तो ठरला नाही. आणि ज्याने सत्याग्रहाचे नाव न घेता पोटासाठी वर्षानुवर्षे तेच गवत कापले तो तर कोणत्याच व्याख्येत बसला नाही. या तिसऱ्या माणसाचा दंड पुढे वेगळ्या मार्गाने कामास आला.

जबरानजोत आणि पावतीचे मोल

वनजमिनीवर परवान्याविना केलेल्या शेतीला पूर्व विदर्भात ‘जबरानजोत’ म्हणतात. शासकीय भाषेत तेच अतिक्रमण. शब्दातच जबरदस्तीचा आरोप आहे, आणि गंमत अशी की कसणाऱ्यांनीही तो शब्द विनातक्रार स्वीकारला. ‘आमची जबरानजोत’ असे ते अभिमानानेही म्हणतात.

महाराष्ट्र शासनाने २७ डिसेंबर १९७८ रोजी निर्णय घेऊन १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या कालावधीतील शासकीय जमिनीवरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. आता प्रश्न आला तो पुराव्याचा. अमुक शेत १९७८ पूर्वी कसले जात होते हे दाखवायचे कसे? सातबारा नाही, कारण जमीन वनाची. शेतसारा नाही, कारण शेतीच बेकायदा. पीकपाहणीत नाव नाही, कारण तलाठ्याला त्या जमिनीशी कर्तव्य नाही. उरला तो एकच कागद. अमुक गावच्या अमुक इसमाने वनजमीन मोडली म्हणून त्याच्याकडून इतके रुपये घेतले, असे वनविभागाने स्वतः लिहून दिलेली, दिनांक असलेली पावती. शिवाय वनविभागाच्या अतिक्रमण नोंदवहीत किंवा प्राथमिक गुन्हा अहवालात नाव असल्यास तेही ग्राह्य. ज्या खात्याचा दाव्याला विरोध, त्याच खात्याच्या सहीचा पुरावा. यापेक्षा भक्कम पुरावा कोणत्या दिवाणी वादात मिळतो?

जी कुटुंबे दंडाच्या भीतीने शेत सोडून गेली त्यांचा कालावधी तुटला. जी दंड भरून पुन्हा त्याच शेतात उतरली त्यांच्याजवळ पावत्यांची मालिका झाली. कायदा पाळण्याचा प्रयत्न करणारा येथे तोट्यात गेला. नियमितीकरणाची प्रक्रिया मात्र फार पुढे गेली नाही. २५ ऑक्टोबर १९८० पासून वन (संवर्धन) अधिनियम लागू झाला आणि केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय वनजमिनीचा वनेतर वापर बंद झाला. केंद्राने १८ सप्टेंबर १९९० रोजी १९८० पूर्वीच्या अतिक्रमणांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रातील आदिवासी अतिक्रमणधारकांच्या दाव्यांसंबंधीच्या प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पुराव्याचा प्रश्न होता. केवळ कागद नाही म्हणून दावा फेटाळू नये, अन्य पुरावाही पाहावा, ही भूमिका त्यातून पुढे आली. महाराष्ट्र शासनाच्या १० ऑक्टोबर २००२ च्या निर्णयात गावपातळीवरील चौकशीला स्थान मिळाले ते याच वाटेने.

दरम्यान ३ मे २००२ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने, देशात सुमारे १२.५० लाख हेक्टर वनजमीन अतिक्रमणाखाली असल्याचे नमूद करून, अपात्र अतिक्रमणे ३० सप्टेंबर २००२ पर्यंत हटविण्याची सूचना राज्यांना केली. या काळात दंडाच्या पावतीचा अर्थ पुन्हा पालटला. ती दाखविली तर अतिक्रमण कबूल केल्यासारखे. न दाखविली तर जुना ताबा सिद्ध होत नाही. तोच कागद आरोपपत्र होते आणि कब्जापत्रही. देशभर झालेल्या विरोधानंतर २००४ मध्ये याच मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयापुढे, वनांचे एकत्रीकरण करताना आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले.

२००६ चा कायदा

‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६’ संसदेने डिसेंबर २००६ मध्ये संमत केला, तो ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला आणि १ जानेवारी २००८ रोजी नियम प्रसिद्ध झाले. ऐतिहासिक अन्याय हा शब्द आता कायद्याच्या उद्देशिकेतच आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर राहण्याचा व स्वतः कसण्याचा हक्क, कमाल चार हेक्टरपर्यंत, मान्य झाला. कायद्याने हक्क नव्याने दिला नाही, पूर्वीपासून असलेला मान्य केला, ही त्यातील कळीची कल्पना.

नियम १३ मधील पुराव्यांची यादी इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावी अशी आहे. गॅझेटिअर, जनगणना, सर्वेक्षण व जमाबंदीचे अहवाल, वनांच्या कार्यआयोजना, न्यायालयीन व अर्धन्यायिक आदेश, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती. आणि त्यांच्या जोडीला बांध, विहिरी, स्मशाने, पवित्र स्थाने, वंशावळी, गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन. मौखिक आणि भौतिक साधनांना लिखित साधनांच्या पंक्तीत बसविणारा असा दुसरा भारतीय नियम क्वचितच सापडेल. चांद्याचे १८६९ चे ल्युसी स्मिथ यांचे जमाबंदी अहवाल आणि १९०९ चे नेल्सन यांचे गॅझेटिअर, जे तोवर ग्रंथालयात धूळ खात होते, ते या यादीमुळे एकाएकी दाव्याच्या फायलीत शोभावेत असे कागद ठरले.

प्रत्यक्षात उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांचा कल कागदाकडेच राहिला, आणि कागदांत दंडाच्या पावतीकडे. ही पसंती समजण्यासारखी आहे. वडीलधाऱ्याचे कथन तपासावे लागते, बांधाचे वय ठरवावे लागते. पावतीवर तारीख छापलेलीच असते. परंतु त्यातून एक विचित्र कसोटी तयार झाली : वनविभागाने ज्याला पकडले तो वननिवासी, ज्याला पकडले नाही तो संशयित. ६ सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने नियम १२-अ मध्ये हे स्पष्ट करावे लागले की विशिष्ट प्रकारच्या कागदाचाच आग्रह धरता येणार नाही. दंडाच्या पावत्या, अतिक्रमणधारकांच्या याद्या, प्राथमिक गुन्हा अहवाल यांचा अभाव हा दावा फेटाळण्याचा एकमेव आधार होऊ शकणार नाही. उपग्रह छायाचित्रे इतर पुराव्याला पूरक ठरतील, त्याची जागा घेणार नाहीत, असेही त्याच ठिकाणी म्हटले आहे. केंद्रीय नियमात दंडाच्या पावतीचा नावानिशी उल्लेख यावा, यावरूनच तिचे व्यवहारातील वजन किती वाढले होते याची कल्पना येते.

गडचिरोलीचा लौकिक मात्र वैयक्तिक दाव्यांपेक्षा सामूहिक हक्कांमुळे झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) व मर्दा या गावांना १५ ऑगस्ट २००९ रोजी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर आहे. या गावाची घडण १९८० च्या दशकातील इचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरोधी ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलनापासूनची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी कायमची जोडलेली आहेत. हक्कपत्र मिळूनही बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेला मिळत नव्हता. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी बांबू कायदेशीररीत्या कटत आलेला, आणि हक्कधारक गावाने तोच बांबू विकला तर तो वनगुन्हा! २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर असाच हक्क मिळाला. गडचिरोली जिल्ह्यात आज अशा ग्रामसभांची संख्या तेराशेहून अधिक आहे. सामूहिक दाव्यात दंडाच्या पावतीचे महत्त्व कमी. तेथे निस्तारपत्रक आणि गावाची सीमा सांगणारी स्मृती अधिक बोलते.

ज्यांच्याजवळ पावती नाही

पावतीला पुरावा मानले की तिच्या त्रुटीही पुराव्याच्या त्रुटी होतात. पावतीवर बहुधा क्षेत्र नसते, कक्ष क्रमांक असेलच असे नाही, आणि नाव वनरक्षकाला ऐकू आले तसे लिहिलेले असते. माडिया किंवा गोंडी नावाचे मराठी कानाने केलेले रूप मतदारयादीतील रूपाशी जुळत नाही, आणि मग हा तोच इसम काय, हे पुन्हा सिद्ध करावे लागते.

स्त्रियांचा प्रश्न याहून गंभीर आहे. शेतातील निंदणी, मोहफूल वेचणे, सरपण ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची. पण दंड बहुतांशी घरातील पुरुषाच्या नावे फाटला. कलम ४(४) नुसार हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावयाचे असल्याने सधवेचा प्रश्न काही अंशी सुटतो. विधवा, परित्यक्ता किंवा माहेरच्या रानात शेत मोडून राहिलेली एकटी स्त्री हिच्याजवळ मात्र स्वतःच्या अपराधाचाही कागद नसतो.

आदिवासी नसलेल्या वननिवासींची स्थिती सर्वांत कठीण. ढिवर, दलित व इतर कुटुंबे या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या आदिवासींच्या शेजारी, त्यांच्यासारखीच जगत आली. कायद्याने त्यांच्याकडून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा मागितला. ही गणना बरोबर डिसेंबर १९३० वर जाऊन थांबते, ज्या वर्षी जंगल सत्याग्रहात गवत कापल्याबद्दल माणसे तुरुंगात जात होती. केंद्रीय आदिवासी विकास मंत्रालयाने नंतर खुलासा केला की ७५ वर्षांची अट वास्तव्य व वनावरील अवलंबन यांना आहे, त्या विशिष्ट शेताच्या ताब्याला नाही. खुलासा योग्यच, पण १९३० मधील ढिवराच्या झोपडीचा कागद तरी कोठून आणावा? सत्याग्रहींची नावे तुरुंगाच्या नोंदीत आहेत. त्याच रानात त्याच वर्षी सरपणाची मोळी टाकून पळालेल्याचे नाव कोठेच नाही.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना निष्कासित करण्यासंबंधी आदेश दिला आणि २८ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याला स्थगिती दिली, तेव्हा फेटाळलेला दावा म्हणजे खोटा दावा नव्हे, हा मुद्दा प्रथमच व्यापक चर्चेत आला. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावर अपिलाची सोय झाली.

पुढच्या पिढीचा अर्ज

दंड भरलेल्यांची मुले-नातवंडे आज शिक्षक, परिचारिका, पोलीस, अभियंते आहेत. काहींच्या वाटा नागपूर-पुण्यापलीकडे जाणाऱ्या आहेत. त्यांच्यापुढे येणारा रकाना पुन्हा पहिला, म्हणजे प्रतिकूल अर्थाचा आहे. शासकीय सेवेच्या साक्षांकन नमुन्यात कधी अटक, खटला, शिक्षा वा न्यायालयाकडून दंड झाला आहे काय, असे विचारतात. येथे कलम ६८ चा तो जुना भेद उपयोगी पडतो : वनाधिकाऱ्याशी झालेली तडजोड ही न्यायालयाची शिक्षा नाही. परंतु घरात ‘दंड’ हा एकच शब्द ऐकत वाढलेला उमेदवार एकतर भीतीपोटी नसलेली शिक्षा कबूल करतो किंवा न्यायालयात गुन्हा कबूल करून भरलेला दंड क्षुल्लक म्हणून लपवितो. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दडविलेली माहिती क्षुल्लक स्वरूपाच्या प्रकरणाची असल्यास नियोक्ता तारतम्याने चूक माफ करू शकतो. करू शकतो, करीलच असे नाही.

पारपत्राच्या बाबतीत कायदा त्यामानाने उदार आहे. पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम ६(२) नुसार मागील पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तर पारपत्र नाकारता येते. जुना वनगुन्ह्याचा दंड यात येत नाही. प्रलंबित फौजदारी खटला मात्र येतो, आणि वनगुन्ह्यांचे खटले वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात; अशा वेळी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मिटलेला अपराध बाधत नाही, न मिटलेला बाधतो.

परदेशी वास्तव्याच्या अर्जात प्रश्न त्या त्या देशाच्या कायद्याच्या चष्म्यातून विचारला जातो. कॅनडाच्या २००१ च्या कायद्याप्रमाणे परदेशातील कृत्य तेथील कोणत्या गुन्ह्याशी जुळते हे पाहिले जाते, आणि एकच किरकोळ गुन्हा असल्यास ठरावीक वर्षांनंतर व्यक्ती सुधारली असे मानण्याची सोय आहे. अमेरिकेने १९९६ मध्ये दोषसिद्धीची व्याख्या विस्तारली. न्यायालयापुढे गुन्हा कबूल करून थोडीशी शिक्षा झाली तरी ती दोषसिद्धीच, मात्र किरकोळ गुन्ह्यांसाठी एक अपवाद आहे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने जुन्या शिक्षा कालांतराने ‘संपलेल्या’ मानण्याची पद्धत आणली, तरी स्थलांतराच्या अर्जात तिचा पूर्ण लाभ मिळत नाही.

भारतात जुन्या शिक्षा संपल्या असे मानणारा सर्वसाधारण कायदा नाही. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ नुसार समज देऊन वा परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. पण पन्नास-शंभर रुपये दंड भरून मोकळे होण्याची घाई असलेल्या ग्रामीण आरोपीला परिवीक्षेचा अर्ज करण्याचे सहसा कोणी सुचवीत नाही. वनहक्क अधिनियमातही जुने वनगुन्हे रद्द करण्याची स्पष्ट तरतूद नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने वन अधिनियमातील अतिप्रवेश, गुरे चारणे यांसारख्या काही बाबींतील कैद वगळण्याचे धोरण स्वीकारले. ते पुढच्या प्रकरणांसाठी. मागील नोंदी वनपरिक्षेत्राच्या कपाटात तशाच आहेत. आजोबांचा दावा मान्य करून घेण्यासाठी ज्या वहीची प्रमाणित प्रत नातवाने मागून आणली, तिच्याच पुढच्या पानावर त्याच्या वडिलांचा अद्याप निकाली न निघालेला गुन्हा नोंदलेला असू शकतो.